बसमधून पाहिलेलं गाव

राउंडअबाउटच्या गोल चौकात फेरी मारताना तोच पब पुन्हा डाव्या हाताला आला तेव्हा श्यामलाच्या लक्षात आलं, की घरी जायला इथून कुठे बाहेर पडायचं हे आपल्याला माहीत नाही. विसरलो असंही म्हणता येईना. विसरलेल्या गोष्टीची निदान जागा तरी मागे राहते, पडलेल्या दाताच्या खाचेत जीभ पुन्हा पुन्हा जाते तशी. इथे खाचच नव्हती. समोर रस्ते होते, सगळे ओले, सगळे राखाडी, आणि त्यांच्यापैकी एकाचाही तिच्याशी काही संबंध नव्हता. साउथहॅम्प्टनमध्ये तिचं लग्नानंतरचं सगळं आयुष्य गेलं होतं. याच राउंडअबाउटवरून तिने अनुयाला शाळेत सोडलं होतं, नवऱ्याला, मुरलीधरला, हॉस्पिटलच्या नाइट ड्यूटीवरून आणलं होतं, आणि शेवटी शेवटी त्याच हॉस्पिटलात पेशंट म्हणून नेलं होतं. मागच्या गाडीने हॉर्न दिला. तिने मिळेल तो रस्ता घेतला, पुढे बसस्टॉपपाशी गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिली. शेजारच्या सीटवर पिशवीतून मेथीची जुडी डोकावत होती. तिला मेथी कळत होती. आपलं नाव कळत होतं, आजचा वार कळत होता, मुरलीधरला जाऊन दोन वर्षं झाली हे कळत होतं. मग मुंग्या आलेल्या पायात हळूहळू जीव यावा तसा रस्ता परत आला. आधी पेट्रोल पंप, मग लायब्ररी, मग तो उतार, मग तिचं दार. ती घरी गेली. मेथी निवडायला बसली. एकही पान वाया गेलं नाही, आणि का कोण जाणे, त्याचाच तिला राग आला.

हे तिने अनुयाला सांगितलं. सांगायला नको होतं असं तिला नंतर वाटलं, पण लपवणं तिच्या स्वभावातच नव्हतं. एकुलती एक मुलगी, लंडनमध्ये एजवेअरला राहणारी, रविवारी फोन करणारी. फोनवर ऐकता ऐकता तिचा आवाज बदलला. लहान मुलाला पायऱ्या उतरवताना बदलतो तसा. त्या दिवसापासून तो आवाज परत पहिल्यासारखा झाला नाही. पुढच्या आठवड्यात अनुया रजा काढून आली. जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या, खोलीत दोन खुर्च्या होत्या. तरुण डॉक्टरने पहिली काही वाक्यं श्यामलाकडे बघून म्हटली, आणि मग कधीतरी, तिला कळायच्या आत, त्याची खुर्ची थोडी फिरली आणि तो अनुयाशी बोलायला लागला. आई स्वयंपाक करताना गॅस चालू ठेवते का. आई नावं विसरते का. अनुया म्हणाली, नो, नॉट रिअली, आणि मग म्हणाली, वेल, समटाइम्स. मेमरी क्लिनिकची तारीख मार्चच्या शेवटची मिळाली. बाहेर कार पार्कमध्ये पाऊस भुरभुरत होता. अनुयाने गाडीच्या चावीसाठी हात पुढे केला. "मी चालवते, आई." घरी पोचल्यावर ती चावी अनुयाच्या पर्समध्येच राहिली.

"तुझा चावी मी ठेवते, ओके? फक्त क्लिनिकपर्यंत. आय ॲम नॉट बीइंग मीन."

"तुझी चावी," श्यामला म्हणाली.

"काय?"

"चावी बाईमाणूस आहे. तुझी चावी."

अनुया हसली नाही. तिने आईचा फोन घेतला, त्यात काहीतरी दाबलं, आणि म्हणाली की आता मला माझ्या फोनवर तुझा लोकेशन दिसेल, म्हणजे काळजी नको. तिने दाखवलंही. नकाशावर एक निळा ठिपका होता. ती म्हणजे तू, अनुया म्हणाली. श्यामला ठिपक्याकडे बघत राहिली. तो अगदी सावकाश फुगत होता आणि आक्रसत होता, श्वास घेतल्यासारखा.

तिला हे हास्यास्पद वाटलं, कारण कुठे काय ठेवलंय हे सांगणं हाच तर तिचा धंदा होता. मुरलीधर हाडांचा डॉक्टर म्हणून इथे आला, ती त्याच्यामागोमाग आली, आणि अनुया शाळेत जायला लागल्यावर बंदरावरच्या एका शिपिंग कंपनीच्या प्लॅनिंग ऑफिसात चिकटली ती थेट रिटायर होईपर्यंत. कुठला कंटेनर जहाजात कुठे जाणार हे ती ठरवायची. जड माल खाली, पहिल्या बंदरावर उतरणारा वर, आग धरणारा इंजिनापासून लांब. कॉम्प्युटर होता, पण सगळं जहाज तिच्या डोक्यात उभं असायचं, मजल्यामजल्यांच्या इमारतीसारखं, आणि ती त्यातून मनानेच हिंडायची. तिचे गोरे साहेब पडद्यावर बघायच्या आधी तिला विचारायचे. त्या डोक्यात आता कुणीतरी टॉर्च मारून बघणार होतं. बघू देत. असेलही काही. तिचं वय सत्तरीला टेकलं होतं आणि ती काही भाबडी नव्हती. तिला भीती वाटत होतीच, पहाटे जाग आली की छातीवर मांजर बसल्यासारखी वाटायची. पण भीती तिची होती. तिच्या भीतीचा कारभार बाकीच्यांनी परस्पर हातात घेतला होता, ते तिला सहन होत नव्हतं. एजवेअरच्या घरातली मागची खोली रंगवून झाली होती. साउथहॅम्प्टनच्या घराला काय किंमत येईल हे एका एजंटला विचारून झालं होतं, 'जस्ट टू नो'. रंग कुठला हवा हेसुद्धा तिला कुणी विचारलं नव्हतं.

हे सगळं फोनवर कळलं त्याच संध्याकाळी तिने स्पेनमधल्या मालागाचं तिकीट काढलं. मालागाच का, हे तिला कुणी विचारलं असतं तर ती सांगू शकली असती. बऱ्याच वर्षांपूर्वी ती आणि मुरलीधर साउथहॅम्प्टनहून क्रूझवर गेले होते. मालागाला जहाज लागलं, तिथून बसने डोंगरातलं एक पांढरं गाव दाखवायला नेलं. वळणावळणाचा रस्ता, दोन्ही बाजूंना ऑलिव्हची झाडं, आणि मग एका वळणावर एकदम ते समोर आलं. डोंगराच्या खांद्यावर कुणी साखर सांडून ठेवावी तसं. चुन्याने पांढरीशुभ्र केलेली घरं, एकमेकांच्या अंगावर रेललेली, मधून गल्ल्या वर चढत गेलेल्या. बस थांबली, सगळे उतरले. मुरलीधर उतरला नाही. गुडघा दुखतोय, ऊन आहे, चढ आहे, आणि सगळी घरं सारखीच तर आहेत, काय बघायचं त्यात. तू जा हवं तर, तो म्हणाला. 'हवं तर' हे तो असं म्हणायचा की नंतर कुणाला काही हवंसं वाटू नये. वाईट माणूस नव्हता. पेशंट त्याला देव मानत. ती त्याच्या शेजारी बसून राहिली, थर्मासमधला चहा त्याला ओतून दिला, आणि काचेतून समोरची गल्ली बघत बसली. गल्लीच्या तोंडाशी एक पायरी होती, त्यावर तांबड्या फुलांची कुंडी. त्यापुढे गल्ली वळत होती. वळणापलीकडे काय आहे ते दिसत नव्हतं. लोक परत आले तेव्हा त्यांच्या तोंडावर ऊन होतं आणि ते आपापसात असं बोलत होते, जणू आत काहीतरी घडून आलंय. बस सुटली. ती काही बोलली नाही. न बोलण्याची तिला इतकी सवय झाली होती, की आपण बोलत नाही आहोत हेही तिच्या लक्षात येत नसे.

गॅटविक विमानतळावरून तिने अनुयाला मेसेज केला. स्पेनला जातेय, पाच दिवसांनी येते, क्लिनिकच्या आधी. मग फोन बंद करून विमानात बसली. शेजारच्या बाईने हॉलिडे का, असं विचारलं, तेव्हा श्यामला म्हणाली, एक काम राहिलंय. मालागाला उतरून तिने बस पकडली, मधल्या गावी दुसरी बस पकडली, आणि प्रत्येक वेळी पाटी वाचून, विचारून, पुन्हा विचारून, बरोबर पोचली. खोली तिने नेटवर बघून ठेवली होती. घरमालकीण रोसारियो तिच्याच वयाची, बुटकी, सतत कुणावर तरी चिडलेली. इंग्लिश तिला मोडकंतोडकं येत होतं. तिने श्यामलाच्या हातातली बॅग ओढून घेतली, जिना चढली, खिडकी उघडली आणि बाहेरच्या डोंगराकडे असा हात केला, जणू तो तिनेच मागवून घेतलाय. दुसरा दिवस सरळ गेला. चौक, चर्च, संत्र्याची झाडं, कॉफी. अनुयाचे फोन आले, रडून झालं, रागावून झालं. आई, तू मला स्केअर केलंस. श्यामला म्हणाली, सॉरी, आणि तिला खरंच वाईट वाटलं, पण परत येते असं काही ती म्हणाली नाही.

तिसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर ती बाहेर पडली. दुपारी सगळं गाव झोपत होतं, खिडक्यांच्या झडपा ओढलेल्या, दारं बंद. ईस्टर जवळ आला होता आणि लोक घरं चुन्याने रंगवत होते. बादल्या, काठ्यांना बांधलेले कुंचले दारांशी टेकवून ठेवलेले. चुन्याचा तो ओला, थंडगार, नाकाला किंचित चावणारा वास आला आणि तिला मिरज आठवलं. तिचे वडील रेल्वेत होते. रेल्वेच्या क्वार्टर्सच्या रांगा, सगळ्या सारख्या, एकच दार, एकच पायरी, वरती फक्त नंबर. वर्षातून एकदा रेल्वेची माणसं येऊन चुना मारून जायची. पिंपात खडे टाकून त्यावर पाणी ओतलं की ते फसफसायचं, वाफ यायची, आणि पोरांना लांब उभं करायचे. नवा चुना लागला की दारावरचे नंबरसुद्धा दिसेनासे होत. अशाच एका दिवशी ती शाळेतून आली, दारातून आत शिरली, दप्तर टाकलं आणि पाट ओढून बसली. समोरच्या बाईने तिला वाढलं. आमटी वेगळी लागली म्हणून तिने वर बघितलं, तर ती आई नव्हती. त्या बाईने विचारलं, अजून भात घालू का. तिने घाल म्हटलं. पोटभर जेवून ती आपल्या घरी गेली. कितीतरी दिवस सगळी आळी हसत होती. वडीलही हसले. तिला कुठे दाखवायला नेलं नाही. कुणी तिच्याकडे तसं बघितलं नाही.

ती थांबली. चढता चढता ती कुठून आली होती ते बघायला मागे वळली, तर मागे पांढरी गल्ली होती. पुढेही पांढरी गल्ली. डावीकडे पायऱ्या खाली जात होत्या, त्या तिने बघितल्या होत्या की नव्हत्या ते आठवेना. तिने पुढे जाऊन वळण घेतलं. तिथे एक निळं दार होतं. मघाशीही निळं दार होतं. हेच होतं का? ती आणखी पुढे गेली, वळली, आणि निळं दार पुन्हा समोर आलं. राउंडअबाउटवर तोच पब पुन्हा आला होता तसंच. इथे कुणीही हरवेल, ती स्वतःला म्हणाली. मग तिनेच स्वतःला उलट विचारलं, आणि साउथहॅम्प्टनमध्ये? जहाज डोक्यात उभं करायला ती जशी डोळे मिटून घ्यायची तसे तिने मिटले. घर, खिडकी, डोंगर, चौक. तुकडे होते, एकाला एक जोडलं जात नव्हतं. ती भिंतीला टेकली. भिंत थंड होती, आणि थोडा वेळ ते फार बरं वाटलं. मग जवळची झडप उघडली आणि एक म्हातारी तिच्यावर जोरजोरात काहीतरी ओरडायला लागली. तिच्या हातवाऱ्यांवरून श्यामलाला कळलं. चुना ओला होता. तिच्या काळ्या कोटाची सबंध पाठ पांढरी झाली होती आणि भिंतीवर पाठीएवढा डाग पडला होता. म्हातारी बाहेर आली, फडक्याने कोट पुसायला लागली, पुसता पुसता रागावत राहिली. आयुष्यभर व्यवहारात सावध राहून शेवटी इथे येऊन अंगाला चुना लावून घेतला, हे मनात येऊन श्यामलाला हसू फुटलं. म्हातारीने तिच्याकडे संशयाने बघितलं, आणि फडकं तिच्या हातात देऊन आत निघून गेली.

तेव्हा फोन वाजला.

"आई, तू ओके आहेस? तू गोल गोल फिरतेयस. मी बघतेय. तू लॉस्ट झालीस का?"

एजवेअरच्या स्वयंपाकघरात अनुया उभी असेल, एका हातात फोन, बाजूला लॅपटॉप, आणि पडद्यावर तो ठिपका. श्यामलाने फडक्याने बोटं पुसली. "तू ऑफिसात नाहीस?"

"वर्क फ्रॉम होम. आई, लिसन. मी तुला घरी नेते. सरळ जा आणि मग लेफ्ट."

तिला एवढं हायसं वाटलं, की ती चालायला लागली. सरळ गेली, डावीकडे वळली. तिथे भिंत होती. अनुया म्हणाली, नाही, तो गल्ली नको, मागे जा. ती मागे गेली. थांब, अनुया म्हणाली, आता तू कुणाच्या घरात आहेस? श्यामला म्हणाली, मी रस्त्यात आहे. पण मॅपवर तू घरात दिसतेस. मग म्हणाली, ओके, ठिपका उडाला, आता तू चर्चच्या मागे आहेस, आता राइट घे. उजवीकडे पायऱ्या होत्या. श्यामलाने एक पाय पायरीवर ठेवला, आणि तिथेच थांबली. तिला दिसलं ते असं: एक बाई परक्या गावाच्या गल्लीत उभी आहे, आणि हजारभर मैलांवरून कुणीतरी तिला उचलून इकडून तिकडे ठेवतंय. तिने आयुष्यभर हेच केलं होतं. कंटेनरला कुणी विचारत नाही. बसमध्येही ती अशीच बसली होती, मुरलीधरच्या शेजारी, जिथे ठेवली तिथे. आणि समोर काचेपलीकडे गल्ली होती.

"आई? का थांबलीस? जा ना."

"अनुया, मी ठेवते आता."

"नो, नो, डोन्ट हँग अप. तू घरी पोच, मग ठेव."

"मी हरवलेय," श्यामला म्हणाली. शब्द मोठ्याने ऐकल्यावर ते वाटले होते तेवढे भयंकर निघाले नाहीत. "तुझं बरोबर आहे. मी हरवलेय आणि मी बघते काय करायचं ते. संध्याकाळी फोन करते."

तिने फोन ठेवला. अनुयाने जिथे दाबलं होतं ते शोधायला वेळ लागला, चष्मा काढून फोन डोळ्यांजवळ धरावा लागला, पण सापडलं. तिने लोकेशन बंद केलं. फोन लगेच पुन्हा वाजायला लागला, तसा तिने त्याचा आवाज बंद करून तो पर्समध्ये टाकला. मग ती ज्या पायऱ्या चढायला सांगितल्या होत्या त्या सोडून दुसरीकडे वळली. गल्ली अरुंद झाली, कमानीखालून गेली, वर चढली. दम लागला की ती थांबत होती, भिंतीला बोट लावून सुकी आहे का बघत होती आणि मगच टेकत होती. एका दाराशी मांजर झोपलं होतं. एका खिडकीतून कांदा परतल्याचा वास आला, तो तिच्या स्वयंपाकघरातल्यापेक्षा वेगळा नव्हता. आपण आधी इथून गेलो आहोत का हा प्रश्न तिच्या मनात येत होता, आणि ती त्याला उत्तर देत नव्हती. कुठल्याशा वळणानंतर घरं संपली आणि एकदम दरी समोर आली, ऑलिव्हच्या रांगांनी विंचरलेली, आणि तिच्यावर एवढं ऊन की तिने डोळ्यांवर हात धरला. तिथे एक दगडी कट्टा होता. ती बसली. क्लिनिकमध्ये काय सांगतील ते तिला बहुतेक माहीत होतं. ते तसंच असेल. औषधं असतील, पुढची तारीख असेल, कधीतरी मागची खोलीही असेल. पण हे तिने बघितलं. हे तिला आठवेल की नाही, ते पुढचं पुढे. बघताना तर ती इथे होती, अख्खी होती, आणि कुणाच्या शेजारी नव्हती.

ऊन उतरल्यावर ती उठली. रोसारियोचं नाव सांगून दोघांना विचारलं. पहिल्याने चुकीचं सांगितलं, चुकीच्या दारात एक तरुण पोरगी आंघोळीच्या टॉवेलात आली आणि दोघीही शरमल्या. दुसऱ्याने हाताला धरून न्यायची तयारी दाखवली, तिने ती नाकारली, रस्ता दोनदा समजून घेतला आणि एकटी गेली. रोसारियो दारातच कमरेवर हात ठेवून उभी होती. युअर डॉटर, ती म्हणाली, आणि फोन कानाला लावल्याचा अभिनय करून डोळे फिरवले. अनुयाने घरमालकिणीचा नंबर शोधून काढला होता. मग रोसारियोचं लक्ष कोटाच्या पाठीकडे गेलं आणि ती ओरडायला लागली, ओरडतच तिने कोट काढून घेतला आणि ब्रश आणायला गेली.

श्यामलाने खिडकीत बसून फोन लावला. पहिल्या रिंगलाच उचलला गेला.

"पोचले," ती म्हणाली.

मग अनुया म्हणाली, "तू ते ऑफ केलंस."

"हो."

"आई, मी इथे बसले होते आणि तू नव्हतीस. स्क्रीनवर तू नव्हतीस. तुला कळतं का, कसं वाटतं?"

"कळतं. तू कॉलेजात असताना मीसुद्धा खिडकीत बसायचे." जे बोलायचं होतं ते श्यामलाने कुणाशीच कधी बोलून बघितलं नव्हतं, म्हणून शब्द हळूहळू निघाले. "ऐक. क्लिनिकला मी येणार आहे. तू ये बरोबर. पण खुर्ची माझ्याकडे वळलेली राहील, आणि ती फिरली तर मी उठून जाईन. गाडी चालवायची नाही असं ते म्हणाले तर मी नाही चालवणार. घर विकायचं नाही. एजंटला तसं कळव. एजवेअरला यायचं झालं तर ते मी सांगेन, मी, तुला फोन करून."

अनुया बोलली तेव्हा तिचा आवाज तो पायऱ्या उतरवणारा नव्हता. तो तिचा खरा आवाज होता, भ्यालेला आणि थोडा चिडलेला.

"आणि सांगायचंच विसरलीस तर?"

बाहेर डोंगराची कड काळी पडत होती. "तर विसरेन," श्यामला म्हणाली. "तेव्हा तू ठरव. मी भांडेन, तरी ठरव. पण तो दिवस अजून आलेला नाही, अनुया. तोपर्यंत मला विचारायचं. मलाच विचारायचं."

अनुया रडत होती. श्यामलाने तिला रडू दिलं, फोन ठेवला नाही, समजूतही घातली नाही. शेवटी अनुया नाक ओढून म्हणाली, "तिथे थंडी आहे का?" श्यामला म्हणाली, आहे थोडी. "आणि तुझी कोट?" तुझा कोट, श्यामला म्हणाली, आणि या वेळी पलीकडे हसण्यासारखा काहीतरी आवाज झाला.

सकाळी रोसारियोने तिला कॉफी दिली आणि खुणेनेच, पुन्हा तिकडे वर जाऊ नको, इथे चौकात बस, असं समजावलं. श्यामलाने मान हलवली, कॉफी संपवली, कोट चढवला. पाठीवर चुन्याचा फिका डाग राहिलाच होता. ती चौक ओलांडून गेली आणि पहिली गल्ली दिसली तिच्यात शिरली. गल्ली नवीन होती, किंवा कालचीच असेल. ती चढायला लागली.